सतरा दिवसांचा कागद

खापरवाडी, ता. कन्नड
रविवार, २२ जून २००३

साळू,

पत्राच्या माथ्यावर आधी देवाचं नाव लिहायचं आन् मग धाकट्याला आशीर्वाद, असं शाळेत शिकवलं होतं. पण तुला आशीर्वाद लिहायला पेन पुढं सरकेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. इकडं आम्ही बरे आहोत. तू आन् कृष्णा भावजी तिकडं बरे असाल असं धरून चालते.

हे पत्र कुलकर्णी भाऊसाहेब हातोहात देतील. आपले ग्रामसेवक दर शनिवारी शहरात घरी उस्मानपुऱ्याला जातात हे तुला ठाऊकच आहे. तुम्ही ज्या नव्या बिल्डिंगवर राखणीला राहिलात ती त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर निघाली. मीच त्यांना म्हणलं, पोस्टात टाकलं तर साळू न फोडता चुलीत घालील, तुम्ही हातात द्या, तुमच्या तोंडाकडं बघून तरी घेईल. ते हसले. मी काय खोटं म्हणलं का? सात वर्षं एका अंगणात काढलीत आपण. तुझा राग मला पाठ आहे.

पावसाचं म्हणशील तर मृगानं नुसतं तोंड दाखवलं. सरकी लावून बसलोय. टँकर दिवसाआड येतो. बायकांची रांग आता मी स्वतः उभी राहून लावते, नायतर पुढारी लोकांचे ड्रम आधी भरतात आन् मागच्या आळीला गाळ. तुझ्या खोलीला कुलूप तसंच आहे. दर सोमवारी ओसरी झाडून घेते. तुझी करडी शेळी व्याली, दोन पिल्लं झाली. हे लिहायला नको होतं, लिहून झाल्यावर कळलं. खोडत नाय, खोडलं तर तू खाली काय होतं म्हणून उजेडाला धरून बघशील.

दुसरी खबर म्हणजे 'टँकरमुक्त गाव' म्हणून आपल्याला तालुक्याचा जो दाखला मिळाला, तो काच बसवून ग्रामपंचायतीत लावला. कचरूनं खिळा ठोकला. उपसरपंच झाल्यापासून त्यानं हाती घेतलेलं हे पहिलं काम, असं मी त्याच्या तोंडावर म्हणलं. आता दाखल्याखालच्या खिडकीतून बघितलं की समोर टँकर उभा दिसतो. आल्यागेल्याला हसू येतं. मलाही येतं कधी कधी.

तुला तपासणीचा दिवस आठवतो का? फेब्रुवारीत समिती येणार होती. ज्या गावाला टँकर लागत नाय त्याला दाखला, आन् ज्याला दाखला त्याचा जोडरस्ता आधी. आपल्याला रस्ता नाय म्हणून एसटी फाट्यावरच थांबते, पावसाळ्यात तर चिखलात बैल रुततो. गेल्या साली तालुक्याच्या मीटिंगीत एक जण सगळ्यांदेखत म्हणला होता, बाई सरपंच म्हणजे टँकर आन् रडगाणं. ते मला लागलं होतं. म्हणून ठरवलं की यंदा दाखला आणायचाच.

आन् नळाच्या टाकीत तर वीतभर पाणी. मग उजाडायच्या टायमाला सगळ्या बायका आपापले हंडे घेऊन आल्या. घरात भरून ठेवलेलं पाणी एकेकीनं शिडीवर चढून टाकीत ओतलं. कडूबाईनं तर रांजण सुद्धा पोराकडून उचलून आणला. तू आलीस. चौथा सरून पाचवा लागला होता तुला. मी तुला शिडी चढू दिली नाय, तुझा हंडा मी घेतला. तू म्हणलीस, "अक्का, पाव्हण्यांसमोर नळ वाहील, पण उद्या आपण काय प्यायचं?" मी म्हणलं, "उद्याचं उद्या. आज गावाची इभ्रत हाय." सगळ्या हसल्या. तूही हसलीस. मला वाटतं तू हसलीस.

साहेबांनी नळ सोडला, ओंजळीनं पाणी पिले आन् म्हणले, गोड आहे. गोड असणारच, सगळ्या गावच्या चुलीपुढचं होतं ते. चार दिवसांनी टँकर बंद झाला, कारण कागदावर आता आपल्याला पाणी होतं. मग आपण सगळ्या सखारामच्या मळ्यातल्या विहिरीवर जायला लागलो.

तू गेलीस त्या दिवशी मी तालुक्याला होते. परत आले तर कुलूप. भाकरीचं पीठ तसंच परातीत ठेवून गेलात, म्हणजे घाईनं गेलात, नायतर मी यायच्या आत गेलात. शेजारणींना सांगून गेलीस, मला नाय. ते मला लागलं, हे सांगून टाकते.

पंचमीला ये. नाय जमलं तर दोन ओळी लिही. चौथी पास आहेस, मला सगळं वाचता येतं तुझं, अक्षर कोंबडीच्या पायाचं असलं तरी.

तुझी थोरली जाऊ
आवडा

*

खापरवाडी
रविवार, २० जुलै २००३

साळू,

तुझं उत्तर पोचलं. कागदावर नाय आलं, भाऊसाहेबांच्या तोंडून आलं.

ते म्हणले, तू हात पुसून पत्र घेतलंस. वाळूच्या ढिगापाशी उभं राहून ओठ हलवत सगळं वाचलंस. त्यांना चहा केलास. मग म्हणलीस, "अक्काला इचारा, टँकरचा कागद कोणत्या तारखेला दिला." तेवढंच. माझी तब्येत विचारली नाय, शेळीचं नाय.

ते असंही म्हणले की तुमच्या बिल्डिंगवर रोज दोन टँकर येतात, नव्या भिंतींना पाणी मारायला, आन् ते पाणी तूच मारतेस, पाइप धरून, सकाळ-संध्याकाळ. त्या बिचाऱ्यांनी सहज सांगितलं. त्या दिवशी मला भाकर गेली नाय.

आता तू तारीख विचारलीस म्हणून सांगते. तुला वाटतं टँकर मागणं म्हणजे शेजारणीकडं वाटीभर साखर मागणं. आधी ग्रामसेवकानं प्रस्ताव करायचा. मग तलाठ्यानं गावातल्या विहिरी बघून कोरड्या आहेत असं लिहायचं. मग सरपंचाची सही, शिक्का. मग तो तालुक्याला जाणार, तिथून साहेब बघायला येणार, मग मंजुरी. तिथं गेलं की हा साहेब मीटिंगला, तो साहेब रजेवर. मी किती खेटे घातले ते फाट्यावरच्या एसटीवाल्याला विचार. उन्हात उभी राहून पायाला फोड आले माझ्या.

आन् मी कशी सरपंच आहे हे तुला वेगळं सांगायला पाहिजे का? बाईची जागा निघाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, नाव आवडाबाईचं आन् कारभार नवऱ्याचा. पहिल्या मीटिंगला हेच खुर्चीवर बसले, आन् मी दाराशी, पदर घेऊन. कोणीतरी रजिस्टर पुढं केलं, म्हणलं, सही करा बाई. मी म्हणलं, वाचून दाखवा. हशा झाला. मी पुन्हा म्हणलं, वाचून दाखवा. दुसऱ्या मीटिंगला यांनी खुर्ची सोडली. ते तेव्हा रागावले होते, आता नाय. वाचल्याशिवाय सही करत नाय म्हणून मी सगळ्या तालुक्यात बदनाम आहे. तू तेव्हा मला म्हणली होतीस, अक्का, तुम्ही खुर्चीत बसल्या की मला पण बसल्यासारखं वाटतं. आन् आता तूच माझी उलटतपासणी घेतेस.

तुला दुखलं, मला नाय दुखलं का? सव्वीस एप्रिलला सखारामच्या मळ्यातून निरोप आला की साळू उतारावर पडली, हंडा पोटावर आला, तेव्हा अनवाणी पळाले मी. तुझं लुगडं भिजलेलं बघून मला वाटलं पाण्यानं भिजलं. कचरूची जीप आणली. फाट्यापर्यंतच्या त्या दगडगोट्यात चालवता येईना, माणूस पुढं चालत होता आन् जीप मागं. देवगाव रंगारीच्या दवाखान्यात पोचायला अडीच तास. सगळ्या रस्त्यानं तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. कृष्णा भावजींना तर रडतापण येईना, ते नुसते पुढच्या काचेतून बघत बसले. सात वर्षं तू देवाला नवस बोलली होतीस, ते सगळे मला तोंडपाठ होते. मी त्यातल्या दोन नवसांना तुझ्याबरोबर चालत गेले होते.

मी तुझी वैरीण नाय. दुष्काळ माझ्या घरून आलेला नाय. तुला कोणावर तरी राग काढायचा आहे, तर काढ, मी थोरली आहे, सोसते. पण तारखा विचारू नको. तारखा ऑफिसात विचारतात, घरात नाय.

तरी पाहिजेच असेल तर घे. २ मे. दोन मे रोजी कागद तालुक्याला दिला, पोच माझ्याकडं आहे. पाच मेला टँकर आला.

आवडाबाई सांडू गाडेकर
सरपंच, खापरवाडी

*

खापरवाडी
शनिवार, १६ ऑगस्ट २००३

साळू,

मागच्या पत्राखाली मी सरपंच म्हणून सही केली. शिक्काही मारणार होते, शाई वाळली होती म्हणून राहिला. जावेच्या पत्राला कोणी शिक्का मारतं का? पत्र गेल्यावर मला त्याची लाज वाटली आन् अजून वाटते. तू पंचमीला आली नाहीस. मी वाट बघितली नाय असं म्हणलं तर खोटं होईल.

आज शांतपणानं लिहिते. हे घरात नाहीत, दार लावून बसलेय. वाचताना खाली बसून वाच.

दोन मे ही तारीख खरी आहे. पण तुझ्या सवालाचं ते उत्तर नाय. तुझ्या सवालाचं उत्तर पंधरा एप्रिल आहे.

पंधरा एप्रिलला, मंगळवारी, भाऊसाहेब घरी आले. टँकरचा प्रस्ताव तयार करून आणला होता. तलाठ्याची सही झालेली, विहिरी कोरड्या असल्याचं लिहिलेलं. फक्त माझी सही आन् शिक्का राहिला होता. ते म्हणले, "सरपंचबाई, आज सही करा, आठ दिवसांत टँकर आणतो." मी कागद वाचला. सगळा वाचला. आन् म्हणलं, "एक मेला दाखला घ्यायला जायचंय, भाऊसाहेब. आत्ता टँकर मागितला तर टँकरमुक्त कसलं? दाखला जाईल आन् त्याच्याबरोबर रस्ता जाईल. ठेवा थोडे दिवस." ते म्हणले, "बाई, बायका लांबून पाणी आणतायत." मी म्हणलं, "वर्षानुवर्षं आणतायत. पंधरा दिवसांत कोण मरतंय?"

हे मी म्हणलं, साळू. माझ्या तोंडानं, आपल्या ओसरीवर बसून.

मग कागदाची घडी घालून मी तो माझ्या ट्रंकेत ठेवला, लुगड्यांच्या खाली. भाऊसाहेब दुसऱ्या दिवशी परत आले, तिसऱ्या दिवशीही. नंतर यायचे थांबले. त्यांना दोष देऊ नको. सरपंचानं सही केली नाय तर ग्रामसेवक काय करणार?

त्यानंतर रोज तुला बघत होते. सातवा लागला होता तुझा. तू पाय फाकून चालायला लागली होतीस. डोक्यावर एक आन् कमरेवर एक घेऊन त्या मळ्यातून यायचीस, उताराला एका हातानं बाभळीला धरायचीस. मी म्हणायचे, जपून गं. एक दिवस तुझा हंडा मी घेतला. एकच दिवस. बाकीचे दिवस मला मीटिंगा होत्या, असं मी स्वतःला सांगितलं.

आन् चोवीस तारखेला, तू पडायच्या दोन दिवस आधी, दुपारची माझ्या घरात आलीस. दमली होतीस. म्हणलीस, "अक्का, टँकरचं काय झालं?" मी म्हणलं, "वर पाठवलाय कागद. तालुक्याला अडकलाय." तू म्हणलीस, "तुम्ही पाठवलाय म्हणल्यावर येईलच," आन् टेकायला जागा बघून त्या ट्रंकेवरच बसलीस. कागद तुझ्या बुडाखाली होता. मी तुला ताक दिलं. तू ते पिलीस आन् गेलीस.

मला वाटतं तुला हे कुठून तरी कळलं आहे. भाऊसाहेबांनी सांगितलं नसेल, ते तसे नाहीत. तुला तुझं तुलाच कळलं असेल. तेवढ्यासाठीच तू मी नसताना गेलीस. त्या दिवशी मला तोंडावर शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

जीपमधलं एक तुला आठवत नसेल, तुझी शुद्ध येत-जात होती. तू माझा हात धरून म्हणत होतीस, "अक्का, आपल्या गावाला रस्ता का नाय ओ?" चार-पाच वेळा म्हणलीस. त्याच रस्त्यापायी कागद ट्रंकेत होता, आन् रस्ता नाय म्हणून जीप माणसाच्या पावलानं चालत होती. मी नुसतं तुझं तोंड पुसत राहिले.

पोरगी होती. तुला दाखवली नाय, डॉक्टरणीनं नको म्हणलं. मी बघितली. सगळी पुरी झाली होती, बोटांना नखं होती, भुवया तुझ्या होत्या. माझ्याच पदरात गुंडाळून कृष्णा भावजींच्या हातात दिली. तिला कुठं ठेवली ते त्यांना ठाऊक आहे, मी विचारलं नाय. तू विचारलंस की नाय, मला माहीत नाय.

आन् तरी मी एक मेला गेले. यांनी विचारलं, जाणार आहेस का? मी गेले. नवं लुगडं नेसले, टाळ्या वाजल्या, फोटो काढला. मला वाटत होतं, आता नाय गेले तर सगळंच फुकट जाईल. एवढं झाल्यावर निदान रस्ता तरी पदरात पडू दे. माणसाची अक्कल अशीच चालते बघ, एकदा खड्ड्यात पाय गेला की दुसरापण तिथंच टाकतो. दुसऱ्या दिवशी घडी उलगडून मी सही केली. सतरा दिवसांत कागदाला लुगड्यातल्या डांबरगोळीचा वास लागला होता.

आता कालचं सांगते.

काल पंधरा ऑगस्ट. झेंडा झाल्यावर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. माणसं बरीच होती, कारण रस्ता मंजूर झालाय आन् फाट्यावर खडी पडलीय. सगळे खुशीत होते. शेवटी भाऊसाहेबांनी विचारलं, आणखी काही विषय? मी उठले. मी म्हणलं, माझा एक ठराव आहे. मग जे वर तुला लिहिलं ते सगळं बोलले. टाकीत पाणी कसं ओतलं ते, ट्रंकेतल्या कागदाचं, तुझं. म्हणलं, हे इतिवृत्तात लिहून घ्या आन् दाखला परत पाठवा.

मला वाटलं होतं लोक उठतील. कोणी शिव्या देईल, बायका तरी ओरडतील, राजीनामा मागतील. मी त्या तयारीनं गेले होते. साळू, कोणी काही बोललं नाय. त्यांना सगळं ठाऊक होतं गं. पाणी त्यांनीच ओतलं होतं, टँकर का येत नाय हे पण गावात फिरलं होतं. न बोलता सगळे वाट बघत होते, माझ्यासारखीच, रस्त्याची.

मग कचरू उठला. आवाज न चढवता बोलला. म्हणला, "वहिनी, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण खडी पडलीय फाट्यावर. दाखला परत केला तर ती खडी दुसऱ्या गावाला जाईल. उद्या आणखी कोणाची सून अडली तर तिला काय खांद्यावर न्यायची? साळूचं पोर काय आता परत येणार हाय?" त्याचं बोलणं खोटं नव्हतं. तेच मला जास्ती लागलं.

भाऊसाहेब म्हणले, "ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. सूचक सरपंचबाई. अनुमोदन कोणाचं?" त्यांचा पेन कागदावर टेकलेला होता. तो ठराव झाला असता तर त्यांचीही नोकरी गेली असती, तपासणीच्या दिवशी तेही हजर होते. तरी त्यांनी विचारलं. कोणी हात वर केला नाय. त्यांनी पुन्हा विचारलं. मी बायकांकडं बघितलं. कडूबाईनं तोंडाला पदर लावला. यांच्याकडं बघितलं, तर हे पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसलेले. भाऊसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं. मग त्यांनी लिहिलं, अन्य विषय नसल्याने सभा संपली. पेढे वाटले.

राजीनामा लिहून मी तयार ठेवला होता. घरी जाताना कडूबाईनं मला कोपऱ्यात धरलं. म्हणली, "तू सुटशील गं. पण तू गेलीस की कचरू सरपंच. तो निम्मा वेळ तालुक्याला. टँकरच्या कागदाला सही कोणाची आणायची आम्ही?" म्हणून राजीनामा फाडला. खुर्चीत बसलेय. आता प्रस्ताव आला की चौकात उभी राहून मोठ्यानं वाचीन आन् तिथंच सही करीन, सगळ्यांसमोर, कागद घरी नेणार नाय. यात माझा मोठेपणा काही नाय. मला माझाच भरवसा राहिला नाय म्हणून तसं ठरवलंय.

परत ये, असं म्हणायला मला तोंड नाय. माफ कर असंही लिहीत नाय, तो शब्द लिहिला की तुझ्यावर बोजा पडेल. पण एक गोष्ट मला काल झोपू देईना. तुझ्या लेकीचं कुठंच काही लिहिलेलं नाय. ना जन्माच्या रजिस्टरात, ना मरणाच्या. ग्रामसभेनंही लिहून घेतलं नाय. सरकारी कागदात त्या उन्हाळ्यात आपल्या गावात दाखला मिळाला, रस्ता मंजूर झाला, बाकी काही झालं नाय.

म्हणून ठराव मी इथं लिहिते, भाऊसाहेब लिहितात तसा. कोणाचा तरी एक कागद असावा. तू फाडलास तरी चालेल, मी लिहिला एवढं मला राहील. खालची एक जागा मोकळी सोडलीय. ती तू भर असं माझं म्हणणं नाय. पण गावात कोणी भरली नाय, आन् तुझ्याशिवाय आता कोणाला विचारायचा मला हक्कही नाय.

ठराव : दिनांक १५ एप्रिल २००३ रोजी टँकर मागणीचा प्रस्ताव सरपंचाकडे सहीसाठी आला. सरपंचाने तो दाखल्याच्या लोभाने सतरा दिवस आपल्या घरी दाबून ठेवला आणि विचारणाऱ्याला खोटे सांगितले. त्या मुदतीत, २६ एप्रिल रोजी, साळूबाई कृष्णा गाडेकर हिच्या पोटातली सातव्या महिन्याची मुलगी, नाव ठेवण्याआधी, वारली. सदर मृत्यूस दुष्काळ कारण नसून सरपंच कारण आहे, अशी नोंद करण्यात येत आहे.

सूचक : आवडाबाई सांडू गाडेकर

अनुमोदक :